फॉल्ट स्विचवालं एसएमपीएस ट्रेनर कीट: मोजायला शिकवतं, दुरुस्तीला कमी पडतं

इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीच्या वर्गात एक पेटी हमखास दिसते. सुटकेससारखी. उघडली की वर छापील सर्किट, त्यावर जागोजागी टेस्ट पॉइंट, पारदर्शक अ‍ॅक्रिलिकखाली खरा बोर्ड आणि कोपऱ्यात कुलूपबंद झाकणाखाली फॉल्ट स्विचची रांग. शिक्षकाने स्विच सरकवायचा, विद्यार्थ्याने दोष हुडकायचा. हे परीक्षण त्या जातीच्या एका एसएमपीएस (स्विच मोड पॉवर सप्लाय, म्हणजे झपाट्याने चालू-बंद करून व्होल्टेज बदलणारा सप्लाय) कीटचं आहे. पेटीवरचं नाव बदललं तरी आतला साचा फारसा बदलत नाही, म्हणून नावापेक्षा रचनेबद्दल बोलणं जास्त कामाचं.

आत २३० व्होल्टवर चालणारा फ्लायबॅक सप्लाय (ट्रान्सफॉर्मरमध्ये ऊर्जा साठवून मग आउटपुटला सोडणारा) आहे: यूसी३८४२ हा कंट्रोलर आयसी, स्विचचं काम करणारा एक मॉस्फेट, आउटपुटची खबर प्रकाशातून मागे पाठवणारा पीसी८१७ ऑप्टोकपलर, तुलनेसाठी रेफरन्स देणारा टीएल४३१, आणि १२ व्होल्ट २ अँपिअर व ५ व्होल्ट १ अँपिअर अशी दोन आउटपुट. फॉल्ट स्विच १२. मत आधीच सांगतो: शिक्षणाच्या पहिल्या टप्प्यासाठी हे कीट चांगलं आहे, घ्यावं. पण अभ्यासक्रम ह्याच्यावरच संपवला तर मीटर नीट धरणारा, आणि बंद पडलेला बोर्ड समोर आला की गोंधळणारा तंत्रज्ञ बाहेर पडतो.

आयसीची निवड उत्तम आहे, आणि निम्मे गुण तिथेच मिळतात. आजकालच्या बऱ्याच अ‍ॅडॅप्टरमध्ये मॉस्फेट आणि कंट्रोलर एकाच चिपमध्ये असतात. तिथे शिकणाऱ्याला मोजायला काही उरत नाही. ३८४२ला आठच पाय आहेत आणि प्रत्येक पायावर काहीतरी ठरलेलं सापडतं. पिन ७वर सप्लाय, पिन ८वर ५ व्होल्टचा रेफरन्स, पिन ४वर करवतीच्या दात्यांसारखी लहर, पिन ६वर गेटचे पल्स, पिन ३वर करंट सेन्स, जिथे १ व्होल्टला पल्स कापला जातो. कीटमध्ये पिन ४ला १० किलोओहम आणि ३.३ नॅनोफॅरड लावलेत. १.७२ भागिले ह्या दोघांचा गुणाकार केला की साधारण ५२ किलोहर्ट्झ येतात, आणि स्कोपवरही (ऑसिलोस्कोपवर) तेवढेच दिसतात. हिशोब आणि पडदा जुळल्याचं एकदा पाहिलं की सूत्र पाठ करावं लागत नाही.

दोष शोधण्याचा क्रमही ह्या आयसीमुळे सरळ बसतो. आधी मोठ्या फिल्टर कपॅसिटरवर डीसी: २३० व्होल्ट एसीवर साधारण ३२५ व्होल्ट यायला हवेत. नसतील तर दोष फ्यूज, एनटीसी (सुरुवातीचा करंट रोखणारा रेझिस्टर) किंवा एसीचं डीसी करणाऱ्या डायोडांच्या ब्रिजकडे; पुढे जायची गरजच नाही. असतील तर पिन ७. तिथे काहीच नाही म्हणजे स्टार्टअप रेझिस्टर ओपन किंवा आयसीचा सप्लाय शॉर्ट. १६ व्होल्टच्या आसपास स्थिर आहे आणि पिन ८वर ५ व्होल्टही आहेत, तर आयसी जागा आहे. मग पिन ६ आणि त्यापुढचा गेट रेझिस्टर. ह्या तीन-चार मोजण्यांत निम्म्याहून जास्त सर्किट वगळता येतं. कीटचे पहिले सहा फॉल्ट ह्याच क्रमाने लावलेत, आणि ते काम विचारपूर्वक झालंय.

कीटमधला सगळ्यात सुंदर फॉल्ट पाच नंबरचा. ऑक्झिलरी वाइंडिंगचा, म्हणजे सुरू झाल्यावर आयसीला सप्लाय देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या जादा वेटोळ्याचा, डायोड ओपन होतो. आता पिन ७चा ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर फक्त २२० किलोओहमच्या स्टार्टअप रेझिस्टरमधून भरत राहतो. १६ व्होल्टला आयसी सुरू होतो, पण त्याची भूक भागवायला वाइंडिंगकडून काही येत नाही. व्होल्टेज १०च्या खाली उतरतं, आयसी बंद पडतो, पुन्हा भरणं सुरू. स्टार्टअपमधून साधारण १.४ मिलिअँपिअर येतो, त्यातला जवळपास अर्धा मिलिअँपिअर आयसी बंद असतानाही खातो. म्हणजे ६ व्होल्ट चढायला एक तृतीयांश सेकंदाच्या आसपास लागतात. ट्रान्सफॉर्मरमधून टिक-टिक-टिक ऐकू येतं. डिजिटल मीटरवर आकडे नुसते उड्या मारतात, आणि विद्यार्थी त्यांतला एखादा पकडून वहीत उतरवतो. इथे जुना काटेवाला मीटर लावा. काटा १० ते १६च्या मधे झुलताना दिसला की ‘हिकप’ म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. आउटपुटचा डायोड शॉर्ट असला तरी टिक-टिक येतेच. दोन्हींतला फरक आउटपुट बाजूला मीटर डायोड मोडवर ठेवून, अर्थात सप्लाय बंद करून, काढायचा. दोन वेगळे आजार आणि लक्षण एकच, ही जोडी कीटमध्ये मुद्दाम ठेवली असेल तर बनवणाऱ्याचं कौतुक.

आता तक्रारी. पहिली टेस्ट पॉइंटची.

सुरक्षेसाठी प्रायमरी, म्हणजे मेनच्या, बाजूच्या प्रत्येक टेस्ट पॉइंटला १ मेगाओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये दिलाय. हेतू बरोबर, परिणाम त्रासदायक. नेहमीच्या डिजिटल मीटरचा इनपुट १० मेगाओहम असतो. म्हणजे प्रत्येक वाचन अकरात दहा ह्या प्रमाणात घटतं: ३२५च्या जागी साधारण २९५, १६च्या जागी १४.५, आणि ५ व्होल्टचा रेफरन्स ४.५५. मॅन्युअलमध्ये मात्र मूळ आकडे छापलेत. विद्यार्थी ४.५५ बघतो, आयसी खराब म्हणतो, आणि त्याच्या दृष्टीने तो बरोबरच असतो. काटेवाल्या मीटरची गत आणखी वाईट. २० किलोओहम प्रतिव्होल्टचा मीटर ५० व्होल्टच्या रेंजवर १ मेगाओहमचाच होतो, त्यामुळे वाचन थेट निम्मं. वर सांगितलेला काट्याचा प्रयोग करायचा तर वायर सरळ आयसीच्या पायावरून काढावी लागते.

स्कोपचं तर विचारूच नका. दहापट प्रोबची कपॅसिटी १५ पिकोफॅरडच्या आसपास धरली तर १ मेगाओहमबरोबर तिचा टाइम कॉन्स्टंट (रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटी) १५ मायक्रोसेकंद होतो. गेटच्या पल्सचं एक आवर्तन १९ मायक्रोसेकंदांचं. तीव्र कडा असलेला चौकोनी पल्स पडद्यावर मेणासारखा वितळलेला दिसतो. गेट ड्राइव्ह शिकवायला घेतलेल्या कीटवर गेट ड्राइव्हच दिसत नाही!

उपाय असा: गेट, पिन ४ आणि पिन ३ हे तीन पॉइंट आतल्या बोर्डावरून, १ मेगाओहम वगळून, बंदिस्त सॉकेटवर थेट काढायचे आणि कीट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरच (मेनशी थेट जोडणी तोडणारा ट्रान्सफॉर्मर) चालवायचं. ह्यात तडजोड नाही. प्रायमरीचा ग्राउंड म्हणजे ‘हॉट’ ग्राउंड, मेनशी जोडलेला. मेनवर थेट जोडलेल्या कीटला अर्थिंग असलेल्या स्कोपची ग्राउंड क्लिप लावली की ब्रिजचा डायोड, फ्यूज आणि कधी कधी प्रोबसुद्धा जातो. डिफरन्शियल प्रोब (ग्राउंड न जोडता दोन टोकांतला फरक दाखवणारा) असेल तर प्रश्न मिटतो, पण प्रत्येक टेबलाला तो मिळणं कठीण. व्हेरिअ‍ॅक, म्हणजे डिमरस्टॅट, आयसोलेशन देत नाही, हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून ठेवावं. दोन्ही दिसायला सारखेच जड असल्याने गल्लत नेहमीची. आणि एका आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर दोन कीट लावू नयेत. दोघांमधून पुन्हा रस्ता तयार होतो आणि अर्थ लीकेज ब्रेकर त्या पलीकडचं काही पाहू शकत नाही.

दुसरी तक्रार गंभीर आहे. मॅन्युअल म्हणतं, ‘सप्लाय बंद केल्यावर ३० सेकंद थांबून झाकण उघडावे.’ फिल्टर कपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचा आणि त्यावरचा ब्लीडर (चार्ज हळूहळू उतरवणारा रेझिस्टर) ४७० किलोओहमचा. टाइम कॉन्स्टंट ४७ सेकंद. सर्किट चालू अवस्थेत बंद केलं तर कन्व्हर्टर स्वतःच चार्ज खाऊन टाकतो, तेव्हा ३० सेकंद पुरतात. पण स्टार्टअप रेझिस्टर ओपनचा फॉल्ट लावलेला असेल तर चार्ज खाणारं कोणी नाही, एकटा ब्लीडर आहे. अशा वेळी ३० सेकंदांनंतर १७० व्होल्ट शिल्लक असतात. ५० व्होल्टच्या खाली यायला जवळपास दीड मिनिट. म्हणजे फॉल्ट लावल्यावर कीट जास्त धोकादायक होतं, आणि हात घालायची वेळ तेव्हाच येते. २.२ किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड प्रोबमध्ये बसवून डिस्चार्ज स्टिक करा. एका सेकंदात व्होल्टेज तीन-चारवर येतं. मग मीटरने बघायचं, मग हात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी काढायची सवय कोणाला असेल तर ती इथेच मोडावी. आणि अँटिस्टॅटिक मनगटपट्टा ह्या कामात घालायचा नाही; तो बंद बोर्डवर आयसी हाताळताना.

फॉल्ट स्विचची मर्यादा मात्र पैसे टाकूनही पूर्ण सुटणारी नाही, कारण ती कल्पनेतच आहे. स्विच एक वायर तोडतो, किंवा दोन टोकं जोडतो. खऱ्या बोर्डमधले दोष एवढे स्वच्छ नसतात.

सगळ्यात नेहमीचा दोष घ्या: सप्लाय चालू आहे तोवर उत्तम, एकदा बंद केला की परत सुरू होत नाही. कारण बहुतेक वेळा पिन ७चा तो छोटा इलेक्ट्रोलिटिक. हीटसिंकच्या शेजारी वर्षानुवर्षं भाजून तो सुकतो. ४७ मायक्रोफॅरडचे दोन-चार उरतात, ईएसआर (कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स) वाढतो. आयसी १६ व्होल्टला उठतो, पण वाइंडिंगचा सप्लाय येण्याआधीच व्होल्टेज १०च्या खाली कोसळतं. ड्रायरने थोडी ऊब दिली की सुरू होतो, म्हणून लोक ‘ड्राय सोल्डर’ (नीट न धरलेला सांधा) समजून अख्खा बोर्ड पुन्हा सोल्डर करतात. कीटच्या १२ फॉल्टमध्ये हा नाही. आउटपुट कपॅसिटरचा ईएसआर वाढल्याचा एक आहे, सिरीजमध्ये रेझिस्टर घालून केलेला, तो ठीक. पण पिन ७चा हवाच होता. स्वतः घालता येतो: ४७ मायक्रोफॅरडचा एक पाय स्विचमधून घ्यायचा आणि त्याच जागी कायमचा १ मायक्रोफॅरड ठेवायचा. अर्ध्या तासाचं काम.

स्टार्टअप रेझिस्टरचंही तसंच. कीट तो ओपन करून दाखवतं, का ओपन होतो ते सांगत नाही. त्याच्यावर ३०० व्होल्टच्या वर व्होल्टेज असतं आणि पाव वॅटच्या साध्या रेझिस्टरचं व्होल्टेज रेटिंग सहसा २५० असतं. शिवाय २२० किलोओहमवर जवळपास ०.४४ वॅट उष्णता. म्हणून चांगल्या बोर्डात इथे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये असतात. बदलताना एकाच पाव वॅटच्या रेझिस्टरवर भागवलं तर तोच सेट परत येतो.

आणि मॉस्फेट. कीटमध्ये सात नंबरचा फॉल्ट ‘मॉस्फेट गेट ओपन’. प्रत्यक्षात मॉस्फेट ड्रेन-सोर्स शॉर्ट होतो आणि एकटा जात नाही. सोर्सचा ०.६८ ओहमचा सेन्स रेझिस्टर उडतो, तो ओपन झाला की उच्च व्होल्टेज पिन ३वर जातं, गेटमधून पिन ६वर जातं, गेट रेझिस्टर जळतो, आयसी मरतो, फ्यूज जातो, ब्रिजचा एखादा डायोडही. नवशिका फ्यूज बदलतो, उडतो. मग फ्यूज आणि मॉस्फेट बदलतो; आयसी मेलेला असल्याने नवा मॉस्फेटही जातो. हा अनुभव कोणताही स्विच देऊ शकत नाही. त्यासाठी मेलेले बोर्डच लागतात आणि एक सक्त नियम: मॉस्फेट गेला तर सेन्स रेझिस्टर, गेट रेझिस्टर, गेटवरचा झेनर, आयसी आणि ब्रिज तपासल्याशिवाय सप्लाय लावायचा नाही. पहिला सप्लाय सिरीज लॅम्पमधून, म्हणजे मेनच्या वायरमध्येच लावलेल्या बल्बमधून. ६० वॅटचा फिलामेंटचा बल्ब, एलईडी चालत नाही. क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. प्रखर राहिला तर शॉर्ट अजून आहे. लागलाच नाही तर कुठेतरी ओपन. ह्या जातीच्या कीटबरोबर सिरीज लॅम्प बोर्ड मिळत नाही, ही कंजुषी समजण्यापलीकडची.

बदली आयसी मागवताना यूसी३८४२च मागवा. ३८४३ पायांना पाय बसतो आणि बहुतेक वेळा सर्किट चालूही होतं, पण तो ८.४ व्होल्टला उठतो आणि ७.६ला झोपतो. वर वर्णिलेला काट्याचा झोका मग दिसतच नाही. ३८४४ बसवला तर वारंवारता ऑसिलेटरच्या निम्मी.

मॅन्युअलबद्दल दोन वाक्यं पुरेत. अपेक्षित वाचनाशेजारी लोड किती होता ते कुठेही लिहिलेलं नाही, जेव्हा की फीडबॅक फक्त ५ व्होल्टच्या आउटपुटवरून घेतलाय आणि ५ व्होल्टवर पूर्ण लोड, १२वर काहीच नाही अशा वेळी १२चं आउटपुट निर्दोष असूनही वर चढतं. आणि दर फॉल्टचं उत्तर प्रश्नाच्याच पानावर छापलंय!

उत्तरं पाठ होणं ही तशीही ह्या कीटची जन्मखोड. स्विच नंबर पाचला टिक-टिक, नऊला १२चे १४ व्होल्ट. दुसरी तुकडी येईपर्यंत यादी मोबाइलवर फिरत असते. म्हणून गुण ‘दोष सापडला’ ह्याला देऊ नयेत. मोजण्याआधी अपेक्षित वाचन लिहायचं, मग मोजायचं, मग त्यातून काय वगळलं ते लिहायचं; गुण ह्या तीन रकान्यांना. तीन मोजण्यांत दोष गाठणारा आणि अकरा मोजण्यांत अडखळत पोचणारा ह्यांतला फरक कागदावर स्पष्ट दिसतो, आणि उत्तर पाठ असलेला तर तिसऱ्या रकान्यात लगेच पकडला जातो. एका कीटवर दोघंच बसवा. चौघं बसले की दोघं मोजतात आणि दोघं बघतात.

सोल्डरिंगला ह्या पेटीत जागाच नाही. कोणताही भाग न काढता दोष ‘दुरुस्त’ होतो, स्विच परत सरकवून. त्यामुळे समांतर भंगार बोर्डांचा साठा हवाच, आणि त्यात दोन्ही प्रकार हवेत. शिसंयुक्त ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळतो. शिसंविरहित एसएसी३०५ला २१७च्या वर जावं लागतं. ३५० अंशांच्या बिटने तीन-चार सेकंदांत सांधा ओला झाला नाही, तर बिट दाबून ठेवायचं नाही. थोडा शिसंयुक्त सोल्डर आणि फ्लक्स घालायचा, मग सकर किंवा विक (सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी). मोठ्या ग्राउंड पट्टीवरच्या पायाला तापमान वाढवण्यापेक्षा जाड बिट लागतं. पॅड उखडतात ते बहुतांशी बारीक टोकाच्या बिटने जोर लावल्याने. कामाची प्रत कशी तपासायची ह्यासाठी आयपीसी-ए-६१० आणि दुरुस्तीच्या पद्धतींसाठी आयपीसी-७७११/७७२१ ही मानकं शिक्षकाच्या टेबलावर असावीत. कीटच्या मॅन्युअलमध्ये त्यांचा उल्लेखही नाही.

टिकाऊपणा मध्यम. पेटी दणकट, बिजागऱ्या चांगल्या, सॉकेट घट्ट. कमकुवत दुवा म्हणजे फॉल्ट स्विच स्वतः. सेन्स रेझिस्टरच्या मार्गातला स्विच झिजून आणि वायर धरून ०.१ ओहम वाढला, तर ०.६८चं ०.७८ होतं, पीक करंटची मर्यादा १.४७ वरून १.२८ अँपिअरवर येते आणि सलग करंट न वाहणाऱ्या फ्लायबॅकमध्ये शक्ती करंटच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने जवळपास चतुर्थांश ताकद कमी होते. पूर्ण लोडवर आउटपुट बसतं, आणि सगळे स्विच ‘नॉर्मल’वर असतात. गंमत म्हणजे अख्ख्या पेटीतला सगळ्यात अस्सल फॉल्ट हाच, न मागता मिळालेला. पण नव्या तुकडीवर तो अचानक येऊ नये असं वाटत असेल तर त्या जागी स्विचऐवजी जाड संपर्कांचा रिले असलेलं मॉडेल घ्या.

घेण्याआधी विक्रेत्याकडे दोन गोष्टी मागा: फॉल्ट स्विचच्या जोडणीसकट पूर्ण सर्किट, आणि प्रत्येक टेस्ट पॉइंटच्या सिरीज रेझिस्टरची किंमत ओहममध्ये. ‘सर्किट गोपनीय आहे’ असं उत्तर आलं तर ते कीट घेऊ नका. पहिल्यांदा बंद पडेल तेव्हा ते दुरुस्त करायला तुमच्याच वर्गातला कोणी बसणार आहे, आणि त्याच्या हातात सर्किट नसेल.